टेपवाडीने वीज कुणाची घेतली

मित्रांनो, आईने दळण देऊन पाठवलं की तुम्ही गिरणीच्या दारात डबा ठेवता आणि खेळायला पळता. तेव्हा आतून जी घरघर ऐकू येत राहते, ती माझी. मी भातगिरणीची मोटर आहे, आणि पिठाची चक्कीही माझ्यावरच चालते. वयाने जुनी, रंगाने कधीकाळची हिरवी. तेल आणि कोंडा बसून बसून आता माझा रंग कोणता ते मलाही नीट सांगता येणार नाही.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचं अंग आणि पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी. तिथून मी महाडच्या एका दुकानात आले आणि तिथे मला सोनबाने पाहिलं. सोनबा महाडच्या कारखान्यात फिटर होता. शिवथरच्या खोऱ्यात, डोंगराच्या उतारावर त्याची टेपवाडी. वाडीत नुकतीच सरकारी वीज पोचली होती आणि त्याला गिरणी घालायची होती. तोवर वाडीतल्या बायका भाताची ओझी डोक्यावर घेऊन, ओढा ओलांडून खालच्या गावात जात. पाऊस असला की ओढा अडवायचा आणि घरात भात असून तांदूळ नसायचा.

तेव्हा गाडीरस्ता वाडीपर्यंत आलेला नव्हता. टेम्पो पायथ्याशी थांबला. मला दोन बांबूंना बांधून चार माणसांनी वर आणलं. वाटेत ती माणसं मला बरंच काही बोलली, पण पहिलं भात भरडून पांढरा तांदूळ खाली पडला तेव्हा त्यातल्याच एकाने माझ्यावर हळदकुंकू वाहिलं.

सोनबाने मला चांगलं सांभाळलं. वेळेवर ग्रीस घातलं, पट्टा फार ताणला नाही. पावसाळ्यात गिरणी काही दिवस बंद राहिली तर तो माझ्याजवळ एक मोठा दिवा लावून ठेवायचा. त्या उबेने माझ्या पोटातली ओल जायची. ओल्या पोटी मोटर चालू केली की ती जळते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याची बायको ठकूबाई शेजारी उभी राहून हे सगळं बघायची. म्हणून सोनबा अचानक गेला तेव्हा गिरणी बंद पडली नाही. "बाईमाणसाला कसं जमायचं?" असं कुणीतरी म्हणालं, पण तेराव्यानंतर ठकूबाईने दार उघडलं, मला फडक्याने पुसलं आणि हिरवं बटण दाबलं. मी फिरले.

आमच्याकडे येणारी विजेची तार दाट रानातून येते. पावसाळ्यात ऐनाची, किंजळीची फांदी पडली की वाडी अंधारात जाते. सावित्री नदीला मोठा पूर आला त्या वर्षी तर खांबच आडवे झाले आणि टेपवाडीने गणपतीची आरती कंदिलावर केली. एकदा तीन तारांपैकी एकीतली वीज गेली, ते कुणाला कळलं नाही, आणि मी दोन तारांवर ओढत राहिले. तेव्हा मी जळले. मला महाडला नेऊन नव्याने तार भरून आणावी लागली. विजेचा भरवसा नसेल तर काय होतं, हे मी अंगावर सोसलं आहे.

पण माझ्यापेक्षा विजेची जास्त गरज होती ती साळूबाईला.

साळूबाई ही ठकूबाईची शेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आलेल्या. चुलीच्या धुरात साळूबाईची फुप्फुसं कामातून गेली. महाडच्या डॉक्टरांनी तिला एक यंत्र लावायला सांगितलं. ते हवेतला प्राणवायू वेगळा करून नळीवाटे नाकात सोडतं. यंत्र विजेवर चालतं. वीज गेली की तिची सून दर्शना छोटा सिलेंडर लावायची, पण तो थोडाच वेळ पुरे. एका पावसाळ्यात वीज लवकर आली नाही, तेव्हा साळूबाईला खुर्चीत बसवून, खुर्चीला बांबू बांधून डांबरी सडकेपर्यंत नेलं होतं. तिचे ओठ निळे पडले होते. दर्शना वाडीतल्या अंगणवाडीची सेविका, तिचा नवरा मुंबईत नोकरीला. त्या दिवसापासून ती झोपेतसुद्धा यंत्राचा आवाज ऐकायची.

अशात वाडीत अनुपमा आली. ती सौरविजेच्या एका कंपनीत इंजिनीअर होती. गिरणीसमोरच्या अंगणात बैठक भरली, म्हणून मला सगळं ऐकता आलं.

"माळावर आम्ही सौरपट्ट्या लावू," अनुपमा म्हणाली. "शेजारी बॅटऱ्यांची खोली. दिवसाची वीज साठवायची आणि रात्री वापरायची. रानातून तार येणार नाही, म्हणजे झाड पडून वीज जाणार नाही. ज्याला आमची वीज हवी त्याने आमची घ्यावी. ज्याला सरकारी ठेवायची त्याने ती ठेवावी. निवड तुमची आहे."

"आन पावसाळ्यात ऊन नाय, तवा?" म्हाताऱ्या चांगूने विचारलं.

"ढगाळ हवेतही थोडी वीज तयार होते. आणि दोन-तीन दिवस बॅटरी पुरते."

"आमच्याकडं पाऊस दोन-तीन दिसांत उघडत नाय बाई."

लोक हसले. अनुपमा हसली नाही. ती म्हणाली, "तसं झालं तर वीज जपून वापरावी लागेल. ते मी आत्ताच सांगून ठेवते."

ठकूबाई दारात उभी होती. तिने माझ्याकडे बोट केलं. "आन ही?"

अनुपमा आत आली, वाकून माझ्या अंगावरची पत्र्याची पट्टी वाचली. "मावशी, ही मोटर चालू होताना एकदम पाच-सहा पट वीज ओढते. एकदा फिरायला लागली की मग कमी. तो पहिला धक्का आमच्या यंत्रणेला सोसेल का, ते लावून बघावं लागेल."

नंतर कितीतरी दिवस गिरणीत दुसरा विषय नव्हता. दळणाला आलेल्या बायका हेच बोलायच्या. सरकारी विजेची सवय होती, पण तिचा राग होता. कंपनीची वीज नवी होती आणि तिची भीती होती. दोन्ही ठेवाव्यात असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण दोन बिलं कोण भरणार? एके दिवशी सरकारी वायरमन नागसेन तपासणीला आला तेव्हा बायकांनी त्यालाच विचारलं. नागसेन दासगावकडचा. रानातल्या प्रत्येक खांबावर तो पावसापाण्यात चढलेला.

"मी काय सांगू?" तो म्हणाला. "मी त्या लाइनचा पगार खातो. पण साळूकाकीला असं खुर्चीतून न्यायची पाळी आली, तेव्हा मी खालच्या खांबावर होतो. मी तुम्हाला नको कसं म्हणू?"

कंपनीला काम सुरू करायला ठरावीक घरं हवी होती आणि थोडी कमी पडत होती. दर्शना ठकूबाईकडे आली. "काकी, तुमचं नाव आलं तर पुढं बरीच येतील. आईंसाठी मागते मी."

"मागायचं काय त्यात?" ठकूबाई म्हणाली. "घर देते लिहून. गिरणीचं मात्र चाचणी झाली की बघू."

माळावर सौरपट्ट्या उभ्या राहिल्या. घरोघर कंपनीचे मीटर लागले आणि हळूहळू सगळ्याच घरांनी सरकारी मीटर काढून दिले. वाडीत दिवे कसे लखलखीत लागले! साळूबाईचं यंत्र अखंड चालू राहिलं. दर्शनाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, हे मला दारातून दिसत होतं.

मग माझी चाचणी ठरली. भर दुपारी, चांगलं ऊन असताना. अनुपमाने सगळ्यांना आधी कळवलं होतं. दर्शनाने खबरदारी म्हणून सिलेंडर सासूच्या उशाशी ठेवला होता. मला कंपनीच्या तारेला जोडलं. ठकूबाईने हिरवं बटण दाबलं.

मी जेमतेम अर्धा फेरा फिरले असेन. खटकन आवाज झाला आणि अख्ख्या वाडीची वीज गेली. लगेच साळूबाईच्या घरातून तिच्या यंत्राची शिटी ऐकू आली. वीज तुटली की ते यंत्र तशी शिटी देतं. ठकूबाई धावतच तिकडे गेली. दर्शनाने सिलेंडर लावला, थोड्या वेळाने वीजही आली आणि साळूबाईला काही झालं नाही. पण परत आलेल्या ठकूबाईचा चेहरा उतरला होता.

अनुपमा म्हणाली, "मावशी, मोटर हळू चालू करायचं एक यंत्र मिळतं. नाहीतर लहान मोटर घ्यावी लागेल. मी चौकशी करते."

"कर. पण तोवर हिला तुमच्या तारेवर नको," ठकूबाई म्हणाली. "माझं भात भरडायचं आन तिचा श्वास अडकायचा, असं नाय चालायचं. गिरण सरकारी लाइनवरच राहूदे."

अशा रीतीने सबंध टेपवाडीत सरकारी विजेची मी एकटीच गिऱ्हाईक उरले. रानातून येणारी ती लांबलचक तार, ते सगळे खांब, आता फक्त माझ्यासाठी होते.

"आता काढून नेणार काय रे लाइन?" ठकूबाईने नागसेनला विचारलं.

"नाय काकी. एक गिऱ्हाईक असलं तरी वीज द्यावी लागते. पण वादळात सगळं खोरं बंद पडलं की कचेरी आधी मोठी गावं बघते. तुमचा नंबर शेवटी लागणार. खोटं कशाला बोलू?"

तसंच झालं. आषाढात एक मोठा ऐन तारेवर आडवा झाला. वाडीत दिवे होते, पंखे होते, टीव्ही चालू होते. फक्त गिरणी बंद. सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. मग घरोघरचे डबे रिकामे व्हायला लागले आणि बायका पुन्हा ओझी घेऊन ओढ्याकडे निघाल्या. येता-जाता त्या गिरणीच्या बंद दाराकडे बघायच्या. मी अंधारात बसून होते. सोनबा लावायचा तो उबेचा दिवाही लावता येत नव्हता, आणि माझ्या पोटात ओल शिरत होती. तेव्हा मला वाटलं, आपले दिवस आता भरले.

बाकीची गावं उजळल्यावर नागसेन आला. बरोबर एकच मदतनीस होता. ठकूबाई कोयता घेऊन त्याच्यासोबत रानात गेली. दर्शना गेली, चांगू गेला, आणखी चार-पाच बायका गेल्या. त्यांनी फांद्या तोडल्या, दोर ओढला आणि नागसेनने वर चढून तार जोडली. संध्याकाळी गिरणीतला दिवा लागला. ठकूबाईने घाई केली नाही. तिने मोठा दिवा माझ्याजवळ ठेवला, मला नीट वाळू दिलं आणि मगच चालू केलं.

त्यानंतर श्रावणात झड लागली. तुम्ही झड पाहिली आहे ना? पाऊस थांबतच नाही, समोरचा डोंगर दिसेनासा होतो आणि दुपारीसुद्धा दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. सौरपट्ट्यांवर नुसतं पाणी. अनुपमाचा फोन आला की पंखे, टीव्ही बंद ठेवा, बॅटरी उतरत चालली आहे. लोकांनी ऐकलं. बऱ्याच घरांनी दिवेसुद्धा मालवले. पण झड उघडली नाही आणि एका सकाळी बॅटऱ्यांची यंत्रणा बिघडून बंद पडली. दुरुस्तीला येणारी गाडी वाटेत अडकली, कारण रस्त्यावर दरड आली होती.

त्या सकाळी माझं काम चालू होतं. दारात डबे रांगेत होते. तेवढ्यात दर्शना भिजत धावत आली.

"काकी, गिरणीत लाइट हाय?"

"हाय."

ठकूबाईच्या ध्यानात आलं. तिने लाल बटण दाबलं. मी थांबले. दोघी पळत गेल्या आणि थोड्या वेळाने चार जणींनी साळूबाईला खुर्चीसकट उचलून गिरणीत आणलं. तिच्या अंगावर प्लास्टिकचा कागद होता आणि मांडीवर सिलेंडर. रिकाम्या पोत्यांवर गोधडी घालून तिला माझ्याशेजारी टेकवून बसवलं. दर्शनाने यंत्राची पिन भिंतीवरच्या बोर्डात घातली. यंत्र चालू झालं. त्याची घुरघुर माझ्यापुढे अगदीच हलकी. पण त्या वेळी गिरणीतल्या सगळ्या बायका तेवढाच एक आवाज ऐकत उभ्या होत्या. साळूबाईच्या ओठांवर हळूहळू रंग आला.

"मोटर चालू केली की विजेचा दाब पडंल काय गो?" ठकूबाईने दर्शनाला विचारलं.

"पडेल, काकी. बल्ब मंद होतो तेव्हा बघता ना तुम्ही."

ठकूबाईने मला वीज देणाऱ्या खटक्याचे फ्यूज काढले आणि पदराच्या गाठीत बांधले. मग दारातल्या बायकांना म्हणाली, "आज दळण नाय."

"आन उद्या?" एकीने विचारलं.

"साळू उठून घरी जाईल तवा."

कुणी कुरकुर केली नाही, असं मी सांगणार नाही. एक-दोघी डबे उचलून तोंड वाकडं करून गेल्या. पण बाकीच्या थांबल्या. कुणी चहा आणला, कुणी कोरडं लुगडं आणलं. चांगूने दारावर प्लास्टिक बांधून पावसाचा मारा अडवला.

दुपारी साळूबाई थोडी सावरली. नळीतून श्वास घेत ती हळूच म्हणाली, "ठके, माझ्यापायी तुझी गिरण बंद."

"गप ऱ्हा. श्वास घे."

"ओढ्यापलीकडं जातील बाया दळायला."

"जाऊदेत. परत येतील. तू गेलीस तर येणार हायस काय परत?"

साळूबाई हसली आणि तिला खोकला आला. ठकूबाईने तिची पाठ चोळली. मित्रांनो, इतकी वर्षं माझं कौतुक माझ्या फिरण्यावरून झालं. "मोटर काय चालते!" असं लोक म्हणत. त्या दिवसांत मी नुसती थांबून होते आणि तेच माझं काम होतं. साळूबाईची पाठ माझ्या लोखंडी अंगाला टेकलेली असायची. तिचा श्वास मला कळायचा.

झड उघडायच्या आधीच अनुपमा आली. दरडीच्या अलीकडे गाडी सोडून, बिघडलेल्या भागाच्या जागी बसवायचा नवा भाग पाठीवरच्या पिशवीत घेऊन ती पायी चढून आली होती. बॅटऱ्यांच्या खोलीकडे जाताना तिने गिरणीत डोकावलं. साळूबाईला पोत्यांवर बसलेली बघून ती दारातच थांबली.

"बस बाई, भिजलीस," ठकूबाई म्हणाली.

अनुपमा बसली. तिने त्या यंत्राकडे पाहिलं. "मी वाडीचा हिशोब केला होता," ती म्हणाली. "किती दिवे, किती पंखे. सगळ्यांना सारखी वीज. वीज कमी पडली तर कुणाची शेवटपर्यंत चालू ठेवायची, हे ठरवायलाच हवं होतं."

"मग आता ठरव," दर्शना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण नरमाईही नव्हती.

अनुपमाने ठरवलं. साळूबाईच्या घरासाठी तिने वेगळी बॅटरी बसवून घेतली, जिच्यावर दुसरं काहीच चालणार नाही. आणि जाताना ती स्वतःच म्हणाली, "सरकारी जोडणीही परत घ्या. हे मी कंपनीच्या वतीने नाही सांगत."

पाऊस ओसरल्यावर पुन्हा बैठक भरली. दर्शना उभी राहिली. "आपण वीज निवडली ती उजेड बघून," ती म्हणाली. "आमचा मीटर मीच काढून दिला होता. काकींनी गिरणीसाठी सरकारी लाइन ठेवली, म्हणून आई आज हायत. एकट्या गिरणीसाठी ती लाइन किती दिवस टिकणार? मी आमची जोडणी परत घेणार. दिवे कंपनीचे, आणि जोडीला सरकारी."

"दोन बिलं कोन भरनार?" चांगू म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. सगळ्यांना ते परवडणारं नव्हतं. काही घरांनी दोन्ही ठेवल्या, काहींनी फक्त कंपनीची. एक-दोघे कंपनी सोडून पुन्हा सरकारीवर आले. चांगूने जोडणी घेतली नाही. पण वैशाखात नागसेनने लाइन बंद करून तारेखालची झाडी तोडायला काढली, तेव्हा सगळ्यांच्या आधी कोयता घेऊन तोच हजर होता.

आता मी पुन्हा रोज चालते. ठकूबाई लहान मोटरीचं बघते आहे. दळणाला ती आणि भाताला मी, असं तिच्या मनात आहे. म्हणजे मी बरेच दिवस कोपऱ्यात रिकामी असेन. चालायचंच. फक्त पावसाळ्यात माझ्याजवळ दिवा लावायला कुणी विसरू नये, एवढं मागणं आहे.

आणि मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्याही दारात वीज विकायला कुणी ना कुणी येईल. एकच नाही, कदाचित चौघे येतील. स्वस्त कोण देतो ते विचाराच. पण बिघडली तर कोण येणार, आणि कमी पडली तर आधी कुणाची बंद होणार, हेही विचारा. शेजारच्या घरात कुणाचा श्वास विजेवर चालत असेल, तर त्याचं नाव तुम्ही आधी सांगा.

साळूबाईच्या घरात आता दोन्ही जोडण्या आहेत आणि कुठली घ्यायची ते एका खटक्याने ठरतं. जेव्हा तिचं यंत्र माझ्या लाइनवर असतं, तेव्हा मी चालू झाले की त्याला दाब कमी पडतो. म्हणून रोज सकाळी ठकूबाई हिरव्या बटणावर बोट ठेवते आणि आधी दारातून हाक मारते, "साळू, चालू करते गो."

मग आम्ही दोघी थांबतो. दर्शना तिकडे खटका फिरवते. साळूबाईच्या घरातून बारीक आवाजात "कर गो" असं आलं, की मी फिरायला लागते.